आपल्या वाट्याची खते

आयुष्यात मनासारखे घडले नाही म्हणजे माणूस आधी कोणाचे तरी नाव शोधतो. वडिलांनी शिकू दिले नाही, थोरल्या भावाने वाटणीत फसविले, साहेबाने बढती अडविली. अशी दोनचार नावे आपणा सर्वांजवळ असतात. ती खोटी असतात असे मी म्हणणार नाही. भाऊ फसवितात, साहेब बढतीही अडवितात. 'दोष देणे सोडा' असे सांगणारे उपदेशक येथेच घाई करतात. तुमची तक्रारच खोटी, असे ते आधी ठरवून टाकतात. मला बोलायचे आहे ते खऱ्या तक्रारीविषयी, खरोखर येणे असलेल्या रकमेविषयी. त्यासाठी देहूच्या एका वाण्याच्या घरात डोकावावे लागेल.

तुकारामांच्या घरी दुकानदारी होती, तशी सावकारीही होती. १६३० साली दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बसला, दिवाळे निघाले. गावात तोंड दाखवायची लाज वाटू लागली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. एवढे होऊनही घरात एक वस्तू शिल्लक होती: लोकांना दिलेल्या कर्जाची खते. एका कागदावर घेणाऱ्याचे नाव, मुद्दल आणि व्याज लिहिलेले असायचे. कुळे पैसे देणे लागत होती, याबद्दल वाद नव्हता. बुडत्या घराला तो हक्काचा आधार होता.

महिपतीने १७७४ साली लिहिलेल्या 'भक्तलीलामृता'त पुढची हकीकत येते. मधे शंभराहून अधिक वर्षे गेलेली, तेव्हा तिला कोर्टातला पुरावा कोणी समजू नये. तुकारामांनी ही खते इंद्रायणीत बुडविली, एवढे आपण लहानपणापासून ऐकतो. पण अर्धीच बुडविली, हे मात्र आपण विसरतो. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला, आणि बुडविला तो आपला.

मला ही वाटणी फार मोलाची वाटते. दुसऱ्याचे येणे सोडून देण्याचा अधिकार कोणालाच नाही. सासरी छळ सोसलेल्या बाईला 'झाले गेले विसर' असे सांगणारे शेजारी आपण पाहतो. ते तिच्या वाट्याची खते आपल्या हाताने नदीत टाकू पाहतात. त्यात औदार्य कसले? ते तर फुकटचे दान झाले.

मग आपला वाटा तरी का सोडावा? कारण खत सांभाळायला खर्च येतो. दुष्काळात ज्याचे स्वतःचे घर बसले त्या कुळाकडून वसुली होणार नाही, हे कळत असूनही ज्याच्याजवळ कागद आहे त्याला रोज त्याचे दार आठवावे लागते. शिवाय व्याज चढते. भावाने वाटणीत एक खोली जास्त घेतली, हे झाले मुद्दल. वीस वर्षांनी त्याच्याच नावावर आपण आपली मोडलेली प्रकृती, मुलाचे नापास होणे आणि न जमलेला धंदाही मांडलेला असतो. मुद्दल खरे, पण हे व्याज आपणच लावले. ते त्याने कधी कबूल केलेले नाही. आणि या व्याजाचा हिशेब करण्यात जी वर्षे जातात, ती कोणाच्याच नावावर मांडता येत नाहीत.

येथे कोणी विचारील, तर मग अन्याय निमूटपणे सोसायचा काय? तुकाराम सोशिक गाय नव्हते. दांभिकांवर त्यांनी जे कोरडे ओढले त्याहून कडक मराठी सापडणे कठीण. पुढे रामेश्वरभटांच्या विरोधामुळे त्यांच्या अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणीत गेल्या, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी शिळेवर बसून राहिले, असे परंपरा सांगते. आपले गाऱ्हाणे त्यांनी घातले ते विठ्ठलापुढे, आणि तेही भांडून. रामेश्वरभटांचे खत मात्र त्यांनी मांडून ठेवले नाही. पुढे हेच भट त्यांचे शिष्य झाले. तुकारामांची जी आरती आपण म्हणतो ती त्यांचीच. खत मांडलेले असते, तर ते त्या घराची पायरी कशी चढले असते?

दुष्काळ पडला, दिवाळे निघाले, हे बरेच झाले, असेही तुकारामांनी एका अभंगात देवाला म्हटले आहे. हे उद्गार मला आजही पचत नाहीत. पत्नी आणि मूल गेलेल्या माणसाने ते स्वतःपुरते म्हणावेत. दुसऱ्या कोणी त्याला ते ऐकवू नयेत.

राहिले कान्होबा. आपल्या वाट्याची खते त्यांनी घरी नेली, त्याबद्दल तुकारामांनी त्यांना बोल लावल्याचे कोठे येत नाही. पुढे कान्होबाही भावाच्या भजनात रमले. तुकाराम गेल्यानंतर त्यांनी रचलेले अभंग गाथेत छापलेले आहेत. त्यांत ते विठ्ठलाशी कडाडून भांडतात आणि त्याच्याकडे आपला भाऊ परत मागतात.