चढा भाव आणि झाकलेला हिशेब

डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉइनचा भाव २०,००० डॉलरच्या घरात जाऊन पोहोचला आणि त्याबरोबरच बिटकॉइन मिळवून देणाऱ्या यंत्रांचा एक विलक्षण बाजार जगभर तेजीत आला. चीनमधील बिटमेन या कंपनीचे अँटमायनर एस-९ हे त्या काळातील सर्वांत नावाजलेले यंत्र. त्याची कारखान्यातील किंमत दोन-अडीच हजार डॉलर होती, परंतु ती रक्कम आगाऊ भरून कित्येक आठवडे, प्रसंगी महिने, वाट पाहावी लागे. आणि ज्यांनी आधी नंबर लावून पाच-पंचवीस यंत्रे पदरात पाडून घेतली होती ते लोक तीच यंत्रे, खोकेसुद्धा न उघडता, दुप्पट आणि कधी त्याहूनही चढ्या दराने विकत होते. हा व्यवहार न्याय्य की अन्याय्य, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला आणि बहुतेकांनी तो दोन ठरीव उत्तरांपैकी एक देऊन मिटवला. एका पक्षाचे म्हणणे असे, की घेणारा राजी आणि देणाराही राजी असताना तिसऱ्याने त्यात पडण्याचे प्रयोजन नाही. दुसऱ्या पक्षाला ती उघड नफेखोरी वाटली. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दोन्ही पक्षांची दृष्टी भावाच्या आकड्यावर खिळलेली आहे. या यंत्राच्या बाबतीत अन्याय शोधायचा तर तो त्या आकड्यामागच्या हिशेबात शोधावा लागतो, जो विकणाऱ्याला ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला बहुधा नसतो.

तो हिशेब उमगण्यासाठी यंत्राचे काम समजून घेतले पाहिजे. बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद कोणा एका बँकेच्या खातेवहीत राहत नाही. ती जगभर विखुरलेल्या असंख्य संगणकांवर राहते, आणि सरासरीने दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचा एक गठ्ठा तिला जोडला जातो. तो जोडण्याचा अधिकार कोणाचा, हे एका गणिती कोड्यावरून ठरते. या कोड्याला प्रज्ञा लागत नाही. प्रचंड वेगाने अंदाज करीत राहावे लागते, आणि ज्याचा अंदाज प्रथम बरोबर येईल त्याला नवी नाणी इनाम मिळतात. २००९ साली हे इनाम ५० बिटकॉइन होते. ठरल्या क्रमाने ते निम्मे-निम्मे होत २०१६ मध्ये साडेबारावर आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आले आहे. या उद्योगालाच मायनिंग म्हणतात. प्रारंभी साधा घरगुती संगणक त्यास पुरत असे, पुढे चित्रफितींसाठी व खेळांसाठी बनलेली ग्राफिक कार्डे त्या कामी लागली, आणि २०१३ पासून तर या एकाच कामासाठी घडवलेल्या, दुसऱ्या कोणत्याही कामास निरुपयोगी अशा ॲसिक यंत्रांचा जमाना सुरू झाला. एस-९ हे त्यांपैकीच एक: सेकंदाला सुमारे चौदा लाख कोटी अंदाज करणारे, आणि दिवसाकाठी तेहेतीस युनिटांच्या आसपास वीज खाणारे.

आता या व्यवस्थेतील मर्म असे, की यंत्रे वाढली म्हणून नाणी वाढत नाहीत. दर २,०१६ गठ्ठ्यांनंतर, म्हणजे साधारणतः पंधरवड्याने, कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते. मैदानात नवी यंत्रे उतरली असतील तर ती वाढते आणि दहा मिनिटांचे अंतर कायम राहते. साहजिकच प्रत्येक नव्या यंत्रागणिक जुन्या प्रत्येक यंत्राचा वाटा घटतो. शिलाई यंत्र किंवा पिठाची गिरणी आज जेवढे काम देते तेवढेच ती पाच वर्षांनीही देईल, आणि बिघडलीच तर दुरुस्त होईल. मायनिंगच्या यंत्राचा एकही भाग न झिजता त्याची मिळकत झिजत जाते, आणि तिला कोणतीही दुरुस्ती नाही.

या झिजण्याचा वेग किती असतो हे एकाच यंत्रावर ताडून पाहता येईल. डिसेंबर २०१७ च्या काठिण्यपातळीनुसार एक एस-९ दिवसाला सुमारे ०.००१९ बिटकॉइन मिळवीत असे, म्हणजे त्या वेळच्या शिखरभावाने पस्तीस डॉलरच्या आसपास. ज्याने ते ५,००० डॉलरला घेतले त्याने बहुधा साधा भागाकार केला आणि पाच महिन्यांत मुद्दल सुटेल असा निष्कर्ष काढला. परंतु ऑक्टोबर २०१८ पर्यंत काठिण्यपातळी जवळजवळ चौपट झाली, नाण्याचा भाव साडेसहा हजारांच्या आसपास उतरला, आणि त्याच यंत्राची रोजची कमाई तीन डॉलरवर आली. विजेला युनिटमागे दहा सेंट पडत असतील तर रोजचे वीजबिल त्याहून तीस सेंटांनी अधिक होत होते. २०१८ च्या बाराही महिन्यांत यंत्र एक दिवसही न थांबता चालवले आणि मिळालेली नाणी रोजची रोज विकली, तर सगळी मिळकत त्या पाच हजारांच्या निम्म्याच्या आसपास भरते, आणि वीजबिल त्यातूनच वजा व्हायचे असते. वर्ष संपण्याआधीच चीनमध्ये जुनी यंत्रे किलोच्या भावाने भंगारात निघाल्याच्या बातम्या येऊ लागल्या होत्या.

नाण्याचा भाव कोसळेल हे विकणाऱ्याला तरी कोठे ठाऊक होते, असा आक्षेप यावर येईल आणि तो रास्त आहे. परंतु काठिण्यपातळी चढणार हे मात्र त्याला ठाऊक होते, कारण कारखान्यातून नव्या यंत्रांच्या खेपांवर खेपा निघत आहेत हे तो स्वतः खरेदीदार असल्यामुळे प्रत्यक्ष पाहत होता. नाणे वर्षभर शिखरभावावरच टिकून राहिले असते अशी कल्पना केली, तरी केवळ काठिण्यपातळीच्या वाढीमुळे, वीजबिल वजा जाता, त्या ग्राहकाचे मुद्दल वर्षअखेर पुरते वसूल झाले नसते. म्हणूनच यंत्र स्वतः चालवण्याऐवजी खोके न उघडता विकून टाकणे विक्रेत्याला अधिक किफायतीचे वाटले, आणि नेमकी हीच गोष्ट ग्राहकाला सांगण्याजोगी होती.

सिसेरो या रोमन पंडिताने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक प्रश्न मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असून धान्य अत्यंत महाग झाले आहे. एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन येतो. धान्याने भरलेली आणखी कित्येक गलबते मागून येत असलेली त्याने वाटेत पाहिली आहेत. ही गोष्ट त्याने ऱ्होड्सच्या लोकांना सांगावी, की गप्प राहून मिळेल त्या चढ्या भावाने माल विकावा? बॅबिलॉनचा तत्त्वज्ञ डायोजिनिस म्हणतो, की मालातील दोष न लपवणे एवढेच विक्रेत्याचे कर्तव्य; बाजारातील सर्व वार्ता सांगत बसण्यास तो बांधलेला नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर याचे मत निराळे: घेणाऱ्याला ज्याची माहिती असणे त्याच्या हिताचे आहे असे काहीही देणाऱ्याने दडवू नये. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. दोन सहस्र वर्षांपूर्वीचा हा वाद इतका चपखल लागू पडतो, की मागून येणारी गलबते म्हणजे कारखान्यातून निघालेल्या पुढच्या खेपा एवढाच बदल त्यात करावा लागतो. मात्र एक भेद आहे, आणि तो विक्रेत्याला अधिक प्रतिकूल आहे. ऱ्होड्सवासीयांनी महागात घेतलेले धान्य निदान त्यांची भूक भागवी. मागच्या खेपा येताच मायनिंगच्या यंत्राचे फळच आटते.

पुनर्विक्रेत्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते न बोलणे अन्यायाचे होईल. ज्या यंत्राची मिळकत पहिल्या महिन्यात सर्वाधिक असते ते आज हाती मिळणे आणि तीन महिन्यांनी मिळणे यांत खराखुरा फरक असतो, आणि त्या फरकाची किंमत घेणे गैर नाही. आगाऊ रक्कम अडकवणे, जकात भरणे, वाटेत यंत्र फुटले तर नुकसान सोसणे, या जोखमी त्याने पत्करलेल्या असतात. शिवाय कारखानदार धुतल्या तांदळासारखे आहेत असेही नाही. अमेरिकेतील बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीने २०१२ पासून यंत्रांसाठी आगाऊ पैसे घेतले. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१४ मध्ये तिच्यावर दावा दाखल केला तेव्हा आयोगाचे म्हणणे असे होते, की २०,००० हून अधिक ग्राहकांना वेळेवर यंत्रे मिळाली नव्हती आणि कंपनी त्याच यंत्रांवर स्वतःसाठी नाणी मिळवीत होती. २०१६ मध्ये तो दावा तडजोडीने निकालात निघाला. दरम्यानच्या काळात यंत्र हाती नसतानाही नुसत्या नोंदणीचा क्रमांक नफ्याने विकणारे लोक होते, आणि माझ्या मते या सबंध व्यापारातील सर्वांत निंद्य प्रकार तोच, कारण तेथे यंत्र कधी येईल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मग नफ्याला कायद्याने मर्यादा घालावी काय? ही प्रेरणा आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढाच नफा व्यापाऱ्यास अनुज्ञात आहे; आणि व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक वसूल करू नये हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत आली. धान्य, औषध, कर्ज, ज्यांच्यावाचून माणसाचे अडते, तेथे अशी मर्यादा मला सर्वथैव उचित वाटते. परंतु आभासी चलनाचे यंत्र ही कोणाचीच निकड नाही. नफ्याच्या आशेने धावणाऱ्या एकाने दुसऱ्याला ते महाग विकले, तर सरकारने मधे पडण्याचे कारण मला दिसत नाही.

ग्राफिक कार्डांच्या बाबतीत मात्र गोष्ट पालटते, कारण त्यांच्यावर मायनिंगखेरीज इतरांचीही उपजीविका चालते. १७ सप्टेंबर २०२० रोजी एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०८० हे कार्ड अमेरिकेत ६९९ डॉलर आणि भारतात ७१,००० रुपये या जाहीर किमतीस विक्रीला आले; बॉट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वयंचलित आज्ञावलींच्या साहाय्याने पुनर्विक्रेत्यांनी साठाच्या साठा उचलला आणि कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे ग्राफिक कार्डांवर मिळवल्या जाणाऱ्या इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाचा भाव चढला तेव्हा अशा कार्डांवर मायनिंगवाल्यांची झुंबड उडाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने आरटीएक्स ३०६० या कार्डाचा इथेरियम-मायनिंगचा वेग मुद्दाम निम्मा केला. परंतु लवकरच तिच्याच एका सदोष आज्ञावलीतून तो निर्बंध सुटला. या ओढाताणीत ॲनिमेशन शिकणारा विद्यार्थी, चित्रफितींचे संपादन करून पोट भरणारा माणूस, यंत्रबुद्धीवर प्रबंध लिहिणारी संशोधिका, हे सगळे मायनिंगच्या जुगारात एक पैसाही न लावता त्याची किंमत मोजत होते. येथे दोघे राजी असल्याचा युक्तिवाद निकामी होतो, कारण नुकसान तिसऱ्याचे झालेले असते. अमेरिकेत नाटक-संगीताची तिकिटे बॉटने लाटण्यास २०१६ च्या कायद्याने मनाई आहे; वस्तूंच्या बाबतीतही तशीच मनाई झाली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील संगणकांच्या बाजारात त्या दिवसांत ही टंचाई निराळ्या रूपाने भेटे. कार्ड हवे असेल तर सोबत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय घ्या, किंवा अख्खा संगणकच आमच्याकडून जुळवून घ्या, असे ऐकावे लागे. खतटंचाईच्या हंगामात युरियाच्या गोणीबरोबर नको असलेले औषध शेतकऱ्याच्या गळ्यात मारण्याच्या ज्या प्रकाराला गावोगावी लिंकिंग म्हणतात, तोच हा प्रकार. छापील किमतीहून अधिक दर घेणे आपल्या वैधमापन कायद्यानुसार गुन्हा आहे खरे. पण संगणकाच्या सुट्या भागांवर आयातदाराने चिकटवलेली किंमत मुळातच बरेचदा एवढी फुगवलेली असते, की कायद्याचा अंकुश तेथवर पोहोचत नाही.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली, आणि मायनिंगच्या संचांवर रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या मालाच्या बाजारात लोटली. अशी कार्डे विकण्यात गैर काही नाही. ती ‘घरगुती वापरातील, फारशी न चाललेली’ म्हणून विकण्यात आहे. जाणकार माणूस खरेदीपूर्वी पंखे बोटाने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकतो, उष्णतावाहक पट्ट्यांतून पाझरलेला तेलकट ओघळ कोठे दिसतो का ते पाहतो, आणि समोर बसून निदान अर्धा तास कार्डावर पूर्ण भार देऊन स्मृतिचिपांचे तापमान किती चढते ते तपासतो. पहिलेच कार्ड घेणाऱ्या मुलाला यातले काही ठाऊक नसते.

विक्रेत्याने यंत्रासोबत एक साधा कागद द्यावा, अशी माझी अपेक्षा आहे: मूळ पावतीची तारीख, यंत्र किती महिने चालले, त्याचा मोजलेला वेग आणि विजेचा खप, आजची काठिण्यपातळी आणि सहा महिन्यांपूर्वीची, आणि कारखान्याची पुढची खेप कधी निघणार याची त्याला असलेली माहिती. एवढे लेखी देऊन कोणी मायनिंगचे यंत्र दुप्पट भावाने विकले तर त्या व्यवहाराला मी अन्याय्य म्हणणार नाही. भारतीय ग्राहकासाठी त्या कागदावर आणखी एक ओळ हवी. आभासी चलनाच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून शेकडा तीस कर आहे, त्यातून संपादनाच्या खर्चाखेरीज काहीही वजा होत नाही, आणि मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च हा संपादनाचा खर्च मानला जाणार नाही असे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलेले आहे; म्हणजे ज्या यंत्रासाठी ग्राहक दुप्पट दाम मोजतो त्यातला एक रुपयाही त्याला करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही.