तबकडीवरचे बांध

घरच्या संगणकात ‘सी’ तुडुंब भरलेला आणि शेजारचा ‘डी’ जवळजवळ मोकळा, असे तुम्ही पाहिले असेल. मग दोन्ही एक का करू नयेत? करता येतात, पण आधी हे ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे काय ते पाहू.

आत तबकडी एकच असते. (आता पुष्कळ संगणकांत तबकडीऐवजी चिप असतात, हिशेब तोच.) तिच्यावर भिंत कोठेच नसते, असते ती केवळ नोंद. १९८३ साली आयबीएमच्या संगणकांबरोबर आलेल्या पद्धतीत पहिल्याच ५१२ बाइटांच्या कप्प्यात १६ बाइटांच्या चार नोंदी असत. कोणता भाग कोठे सुरू होतो, किती लांब आहे, हे त्यांत लिहिलेले. जणू तबकडीचा सातबाराच! नव्या संगणकांतील जीपीटी ही यादी अधिक ऐसपैस, एवढेच.

तेव्हा बांध मोडणे हे क्षणाचे काम. अडचण आहे ती उभ्या पिकाची. प्रत्येक भागात आपापल्या फायलींची स्वतंत्र सूची असते. विंडोजमधील सोय ‘डी’ पुसून मगच ‘सी’ वाढवते, तेही मोकळी जागा ‘सी’ला अगदी लागून पुढे असेल तर. मध्ये दुरुस्तीसाठी राखलेला चिमुकला भाग आला की गाडे अडलेच! काही प्रोग्रॅम मजकूर न पुसता सरकवतात खरे, पण मध्येच वीज गेली तर?

म्हणून ताईच्या लग्नाचे फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा, तेथून उघडून पाहा, आणि मगच ‘डी’ला हात लावा.