तरुण हात शिवारात टिकावेत म्हणून

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एक शेतकरीपुत्र भाड्याच्या खोलीत राहतो व दुकानात हिशेब लिहितो. एका रविवारी वडील ज्वारीचे पीठ घेऊन आले आणि ‘आता गावी चल’ म्हणाले. मुलाने विचारले, “आबा, येऊन मी करू काय? पीक तुम्ही ठरवणार, पैसा तुमच्या हाती. सालगड्याला निदान साल तरी मिळते.” आबा निरुत्तर झाले. शेतकरी बंधूंनो, हा प्रश्न एका घरचा नव्हे.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि दुष्काळाने गांजलेल्या खेडुतांना शहराचा आसरा मिळाला. विसावे शतक संपता संपता मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले. तरी तरुणांची वाट शहराकडेच राहिली. आपल्या कोरडवाहू गावात रब्बी ज्वारीची मळणी उरकली की पुढच्या पावसापर्यंत हातांना काम नसते, हे त्याचे एक कारण होय. घरच्या कारभारात तरुणास वाटा नसतो, हे दुसरे. पहिले कारण आपण निसर्गावर ढकलतो. दुसरे मात्र सर्वस्वी आपल्याच हातचे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथील ग्रामस्थांनी १९८९ साली पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणास सरपंच केले. पुढे श्रमदान, समतल चर व वृक्षलागवड यांनी पाणी अडवले गेले. उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरू लागली. दूधधंदा वाढला आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली. गावाने आधी तरुणावर भरवसा टाकला, हे विसरू नये.

आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

१. अर्धा एकर का होईना, मुलाच्या अथवा मुलीच्या विचाराने पिकवू द्यावा. त्याचा हिशेब वेगळा ठेवावा. नफा त्यांचा व चुकीची शिकवणही त्यांचीच.

२. बारमाही काम उभे करावे. पंढरपुरी म्हैस किंवा उस्मानाबादी शेळ्या पाळाव्यात. खात्रीचे पाणी असल्यास डाळिंब लावावे. परंतु तेल्या रोगाचा धोका ओळखून रोपे निरोगी बागेतीलच घ्यावीत. सोलापूरनजीक केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. लागवडीपूर्वी तेथील सल्ला अवश्य घ्यावा.

३. ग्रामसभेत तरुणांना बोलू द्यावे आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे.

त्या आबांनी यंदा विहिरीलगतचा अर्धा एकर मुलाच्या स्वाधीन केला. मुलाने पेठेतील खोली अद्याप सोडलेली नाही. मात्र शनिवारी रात्री तो घरी असतो, आणि रविवारी पहाटे बापाच्या आधी बांधावर जातो. एवढा आरंभ कोणत्याही घरी होऊ शकेल.