दारावरची पाटी : आपल्या हातची, आपल्या नावाची

उंबऱ्यातली रांगोळी रोज पुसून रोज नवी काढायची असते. तोरण सणापुरतं असतं. दारावरची पाटी मात्र एकदा लागली की दहा-वीस वर्षं हलत नाही. येणारा-जाणारा घराविषयी पहिलं जे काही वाचतो ते तिथेच. असं असूनही घर लावताना आपण पडद्याच्या कापडासाठी चार दुकानं हिंडतो आणि पाटीचं काम मात्र शेवटी घाईघाईनं कुणावर तरी सोपवून देतो.

हल्ली बाजारात ओबडधोबड, गावरान दिसणाऱ्या लाकडी पाट्यांची हौस आली आहे. दिसायला त्या सुरेख असतात, पण किंमत ऐकली की हात आखडतो. खरं म्हणजे अशी पाटी घरी करणं मुळीच अवघड नाही. जुन्या लाकडाची एक फळी, काचपेपर, थोडा रंग आणि वार्निश एवढंच भांडवल लागतं. प्रत्यक्ष काम दोन-तीन दुपारचं. बाकीचे दिवस वाळण्याचे. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते उन्हाळा संपेपर्यंत केव्हाही काढावं. पावसाळ्यात नको. दमट हवेत वार्निश लवकर सुकत नाही.

आधी ठरवा, नाव कोणाचं?

साहित्याची यादी करण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि पाटीवर काय लिहायचं ते ठरवा. फळीची लांबी, अक्षरांचा आकार, सगळं त्यावर अवलंबून आहे. आणि खरा विचार करायचा आहे तो इथेच.

जुन्या वाड्यांच्या, चाळींच्या पाट्या आठवून पाहा. आजोबांचं नाव, खाली वडिलांचं, त्याखाली मुलाचं आणि पुढे त्याची पदवी. तीन पिढ्या त्या दारात उभ्या असतात, पण ज्या बाईनं तो उंबरा पन्नास वर्षं सारवला, पुसला, तिचं नाव कुठेच नसतं. नातवंडांना विचारा, आजीचं नाव काय? पुष्कळांना सांगता येत नाही. कारण ती ‘आजी’, ‘आई’, ‘काकू’ असते. नावानं हाक मारणारं घरात कुणी उरलेलं नसतं.

आमची पाटी करताना मी सासूबाईंना म्हटलं, “आई, तुमचंही नाव घालते.” त्या आधी “माझं कशाला गं?” म्हणाल्या. मग थोड्या वेळानं स्वतःच विचारलं, “पण कोणतं घालशील? माहेरचं की सासरचं?” लग्नात नाव बदललेल्या बाईला हा प्रश्न पडणारच! दोन दिवस विचार करून त्यांनी सांगितलं, “सासरचंच घाल. आता तेच माझं झालंय. माहेरचं हवं तर मागच्या बाजूला लिहून ठेव.” तसंच केलं. पाटीच्या पाठीवर, भिंतीकडच्या अंगाला त्यांचं माहेरचं नाव आहे. ते कुणाला दिसत नाही, पण ते तिथे आहे हे त्यांना ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, प्रत्येकीचा निर्णय वेगळा असेल. नवराबायको दोघांची नावं शेजारी शेजारी, ‘श्री.’ आणि ‘सौ.’ दोन्ही गाळून लिहिली तरी छान दिसतात. मुलींची नावं घालावीत. लग्न होऊन त्या सासरी गेल्या म्हणून नाव खरवडून काढायचं कारण नाही. पतीच्या माघारी त्यांचं नाव ठेवायचं की काढायचं, हे त्या बाईनंच ठरवावं. इतरांनी सुचवू नये. एकटीनं राहणारी एखादी सुरक्षिततेसाठी नुसतं आडनाव लावते, तर तेही शहाणपणाचंच. घरात वडीलधाऱ्यांची जुनी पाटी असेल तर ती काढून वाद ओढवून घेऊ नये. तिच्याखाली दुसरी लावावी.

फळी कशी निवडावी

सागवान सर्वांत उत्तम. त्याच्या अंगातच तेल असल्यामुळे ते पाण्याला आणि वाळवीला चांगलं टक्कर देतं. नवं सागवान महाग, पण आपल्याला हवी केवढी फळी? सोळा इंच लांब, सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड. एवढा तुकडा सुताराकडे किंवा वखारीत कापून उरलेल्या लाकडात मिळून जातो. घरातला मोडका पाट, जुन्या पलंगाची फळी, काढून टाकलेल्या खिडकीची चौकट याही चालतात, किंबहुना जास्त शोभतात. जुनं लाकूड आधीच पुरतं सुकलेलं असतं, त्यामुळे ते सहसा वाकत नाही.

खोक्यांचं पाइनचं लाकूड स्वस्त आणि हलकं. मात्र परदेशी मालाबरोबर आलेल्या लाकडावर शिक्का असतो, तो पाहून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं; ते वापरावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घरात आणू नये. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरतात तो पांगारा हलका आणि मऊ असतो. खेळण्यांना तो नामी, पण पावसाची झड लागणाऱ्या दाराला नव्हे. प्लायवूडचे थर ओलीनं सुटतात, तेव्हा तेही बाहेर नको.

फळीला बारीक भोकं असतील आणि ठोकल्यावर त्यांतून ताजा भुगा पडत असेल तर आत कीड आहे. कितीही सुंदर असली तरी ती फळी घेऊ नका.

आणखी एक सावधगिरी. जुन्या दाराखिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. २०१६ च्या नियमांनी आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आली. त्याआधीचा रंग घासून त्याची धूळ घरात उडवणं मुलांच्या दृष्टीनं फार वाईट. शक्यतो रंग न दिलेलंच लाकूड घ्या.

घासकाम

आधी जाड काचपेपर (८० नंबर), मग मध्यम (१२०), शेवटी बारीक (२२०). घासायचं ते नेहमी लाकडाच्या रेघांच्या दिशेनं. आडवं घासलं की ओरखडे पडतात; कोरड्या लाकडावर ते दिसत नाहीत, पण वार्निशचा हात फिरला की उठून दिसतात. नाकाला ओढणी किंवा पदर बांधून हे काम गच्चीत नाहीतर गॅलरीत बसून करावं.

गावरान रूप हवं असेल तर कडा अगदी सरळ करू नका. गाठी, जुन्या खिळ्यांच्या खुणा राहू द्या. तारेचा ब्रश रेघांच्या दिशेनं फिरवला तर मऊ भाग झिजतो, कठीण रेघा वर राहतात आणि लाकूड उन्हापावसानं मुरल्यासारखं दिसतं. फक्त जिथे अक्षरं यायची तो भाग गुळगुळीत हवा.

शेवटी ओल्या फडक्यानं भुगा टिपून घ्या. फळी पुरती वाळली की टर्पेंटाइननं थोडं पातळ केलेल्या वार्निशचा एक हात पुढून, मागून, चारी बाजूंनी द्या आणि दिवसभर वाळू द्या. हा हात न देता थेट रंग लावला तर तो रेघांमधून पसरतो आणि अक्षरांच्या कडा फुटतात.

अक्षरं काढताना

दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर साधारण इंचभर उंच असावं. देवनागरीत एक गोष्ट विसरून चालत नाही. वेलांट्या-मात्रा वर जातात, उकार खाली येतात. म्हणून ओळीच्या उंचीचे चार सारखे भाग करा. मधले दोन मूळ अक्षराचे, वरचा एक मात्रांचा, खालचा एक उकारांचा. दोन ओळी असतील तर वरचा उकार खालच्या मात्रेवर आपटत नाही ना, ते कागदावरच पाहून घ्या.

आधी पूर्ण आकाराच्या कागदावर नाव लिहा. कागदाच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिल घासून तो फळीवर चिकटवा आणि अक्षरं गिरवा. कार्बनपेपरचंही काम होतं, पण त्याचे डाग लवकर जात नाहीत.

शिरोरेषा सगळ्यांत शेवटी ओढावी, आणि ती ओढताना ‘ध’ आणि ‘भ’ यांच्यापाशी हात थांबवावा. या अक्षरांची डावी बाजू शिरोरेषेला चिकटली की ‘भ’चा ‘म’ होतो आणि ‘ध’चा ‘घ’. घरातल्या भावेंचे मावे व्हायला तेवढं पुरतं! संगणकावरून अक्षर छापून घेणार असाल तर ‘ल’ तपासा. आपला मराठी ‘ल’ पाकळीचा. पुष्कळ अक्षरसंचांत हिंदी वळणाचा, दंडाचा ‘ल’ येतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं ज्या डौलात लिहिली, तो काही आपल्या हाती लगेच येणार नाही. पण शाळेतलं सुवाच्य वळण पाटीला पुरेसं आहे, आणि घरच्या माणसाचं अक्षर म्हणून त्याला वेगळीच माया असते.

रंग ऑइलपेंटचा घ्यावा. गडद लाकडावर पांढरा किंवा हळदीच्या रंगाचा, फिक्या लाकडावर काळा किंवा गडद तपकिरी. जिना अंधारा असेल तर पांढराच. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या. दोन दिवस वाळू द्या.

तेल की वार्निश?

पाऊस लागणाऱ्या दाराला बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं वार्निशच हवं. त्याचे दोन हात, मध्ये एक दिवसाचं अंतर. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख. पाणी लागलं की ते पांढरं पडतं, म्हणून ते आतल्या दारापुरतं. फळीच्या दोन्ही टोकांकडे विशेष लक्ष द्या. लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते तिथूनच.

वार्निशची चकाकी नको असेल आणि पाटी छपराखाली असेल तर जवसाचं तेल द्यावं. रंगाच्या दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड’ म्हणून मिळतं ते लवकर सुकतं. स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल मात्र लावू नका. ती तेलं सुकत नाहीत. पाटी चिकट राहते आणि धूळ धरते. आणि हे नीट लक्षात ठेवा : जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवावी किंवा पाण्यात भिजवून मगच टाकावी.

पाटी लावताना

स्क्रू पितळेचे घ्या. लोखंडाचे गंजतात आणि सागवानावर काळे डाग पाडतात. दोन भोकांपैकी एक किंचित लांबट ठेवा, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगलं तरी फळी तडकणार नाही. पाटी आणि भिंत यांच्यामध्ये रबराच्या छोट्या चकत्या घाला. मागे वारा खेळला की ओल धरत नाही. पाटी डोळ्यांच्या उंचीला लावावी. दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत बारीक काचपेपर फिरवून वार्निशचा एक हात दिला की झालं.

दारावर नाव, कागदावर?

पाटी लागली की बरं वाटतं. पण पाटीवर नाव असणं म्हणजे घर नावावर असणं नव्हे. तेव्हा रंग वाळत असताना कपाटातली फाइल जरूर काढा. सोसायटीच्या भागदाखल्यावर कोणाचं नाव आहे? खरेदीखतावर? गावात ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर? राज्याच्या ग्रामविकास विभागानं २००३ सालीच गावातली घरं पतिपत्नी दोघांच्या नावानं नोंदवण्याचा निर्णय काढला आहे, तरी कितीतरी उताऱ्यांवर अजून एकच नाव आढळतं. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावानं घर खरेदी केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतं.

कागदावरचं नाव बदलायला वेळ लागतो, बोलणी करावी लागतात, कधी कुणाची नाराजीही पत्करावी लागते. पाटीचं तसं नाही. ती चार-सहा दिवसांत होते. आणि दारावर रोज दिसणारं नाव उद्या कागदावरही घाला असं म्हणणं जरा सोपं जातं. तेव्हा माळ्यावरचा तो मोडका पाट या रविवारी खाली काढा, आणि घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाईला आधी विचारा : तुमचं नाव कोणतं लिहू?