बापाला विचारावे

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेकाठी कापूस पिकविणारी अनेक मराठी कुटुंबे आहेत. अशाच एका घरी वेचणीच्या दिवसांत आमचे जाणे झाले. शेत मुलाच्या नावे झालेले. वृद्ध वडील ओसरीवर बसलेले. जेवणखाण, औषधपाणी यांत काही उणे नव्हते. तरी ते हळूच म्हणाले, "फादर, मला आता कोणी काही विचारीत नाही."

सन २००७ च्या केंद्रीय कायद्यान्वये वृद्ध मातापित्यांस मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलास दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत मिळविण्याचीही त्यात सोय आहे. असा कायदा हवाच. परंतु बापाजवळ घटकाभर बसण्याचा हुकूम कोणते न्यायाधिकरण देणार? चौथी आज्ञा मान राखावयास सांगते, आणि ती केवळ लेकरांसाठी नाही. घराच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आल्या, त्यांच्यासाठीही आहे.

निघताना आम्ही मुलास एवढेच सुचविले, की पुढील पेरणीआधी वडिलांना वावरात घेऊन जा. पाणी कोठे साचते, कोणता तुकडा लवकर वाळतो, हे त्यांना ठाऊक आहे. तो क्षणभर खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "त्यांना त्रास नको म्हणून विचारीत नव्हतो."

प्रिय वाचकहो, त्यांचा भार हलका करताना त्यांचा शब्दही आपण काढून घेत नाही ना, हे आज प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.