आकाशमार्गाचा पहारा आणि नवीं यंत्रें

हिंगोली जिल्ह्यांत प्रवासी विमानतळ नाहीं. विमानानें जावयाचें तर येथील माणसाला शेजारचें नांदेड गांठावें लागतें. तरीसुद्धां औंढ्याच्या नागनाथावरून आणि वसमतच्या हळदीच्या शेतांवरून विमानें जातच असतात. अंगणांतून वर पाहणाऱ्यास वाटतें कीं, आकाश मोकळें आहे. विमानानें हवें तिकडून जावें. वस्तुस्थिति तशी नाहीं. भारताचें आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई अशा चार मोठ्या विभागांत वांटलेलें असून हिंगोलीवरचें आकाश मुंबईच्या विभागांत मोडतें. प्रत्येक विमानाला वाट व उंची नेमून दिलेली असते. एकावर एक उडणाऱ्या दोन विमानांत सामान्यतः निदान 1,000 फुटांचें अंतर राखावें लागतें. तें राखविण्याचें काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक जमिनीवर बसून करीत असतात.

नियंत्रकाचे डोळे म्हणजे रडार. पहिल्या प्रकारचें रडार आकाशांत लहरी सोडतें आणि विमानावर आपटून परतलेल्या लहरींवरून दिशा व अंतर सांगतें. विमान कोणतें आणि किती उंचीवर, हें त्याला कळत नाहीं. दुसऱ्या प्रकारचें रडार विमानाला जणूं प्रश्न विचारतें, आणि विमानांतील यंत्र आपला क्रमांक व उंची उत्तरादाखल कळवितें. हा फरक किती मोलाचा आहे, हें 12 नोव्हेंबर 1996 रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं दिल्लीनजीक चरखी दादरीच्या आकाशांत एक सौदी व एक कझाक अशीं दोन विमानें एकमेकांवर आदळलीं आणि 349 माणसें प्राणांस मुकलीं. कझाक विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांच्या खालीं उतरलें होतें. समोरून सौदी विमान 14,000 फुटांवरून येत होतें. चूक त्या उतरण्यांत होती हें खरें. परंतु तें उतरणें दाखवील असें दुसऱ्या प्रकारचें रडार दिल्लीच्या नियंत्रकापाशीं त्या वेळीं नव्हतें. आधुनिकीकरणाचें काम हातीं घेतलेलें होतें, पण पुरें झालेलें नव्हतें. अशा खरेदींतील विलंब हा नुसता कागदी विलंब नव्हे, तो असा.

मात्र यंत्र विकत घेतलें म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. खरेदीचा पहिला नियम असा कीं, किंमत पाहण्यापूर्वीं यंत्रानें करावयाचें काम लेखी ठरवावें: एका वेळीं किती विमानें दाखवावयाचीं, शेजारच्या केंद्राशीं कसें बोलावयाचें, बंद पडल्यास किती क्षणांत राखीव यंत्रानें काम उचलावयाचें. ज्याला हें यंत्र चालवावयाचें, तो नियंत्रक ही यादी करतांना जवळ बसलेला असावा.

राखीव यंत्राविषयीं तर अधिकच दक्षता हवी. 28 ऑगस्ट 2023 रोजीं ब्रिटनच्या नियंत्रण-संस्थेकडे लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या विमानाचा मार्ग-आराखडा आला. त्यांत एकाच संक्षिप्त नांवाचीं दोन ठिकाणें होतीं. एक अमेरिकेंत, दुसरें फ्रान्समध्यें. हें कोडें न सुटून यंत्र थांबलें. काम राखीव यंत्राकडे गेलें. पण तेंहि त्याच आज्ञावलीवर चालणारें, म्हणून त्याच जागीं अडलें. माणसांनीं हातानें आराखडे भरून काम रेटलें. अपघात झाला नाहीं, परंतु 7 लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. घरांत कंदील दोन असले, पण दोहोंतलें रॉकेल एकाच पाणी मिसळलेल्या डब्यांतलें असलें, तर दुसऱ्या कंदिलाचा आधार तो काय?

सर्वांत नाजूक काळ म्हणजे यंत्रांत फेरफार चालूं असण्याचा. दक्षिण जर्मनीच्या कांहीं भागावरील आकाश स्वित्झर्लंडमधील झुरिच येथून सांभाळलें जातें. 1 जुलै 2002 च्या रात्रीं त्या केंद्रांत रडारच्या यंत्रणेवर काम चाललें होतें. त्यामुळें नेहमींच्या कांहीं सोयी बंद होत्या, मुख्य टेलिफोनहि बंद होता. आणि अशा वेळीं दोन जागांचें काम एकटा नियंत्रक पाहत होता. युबरलिंगेन गांवाजवळ दोन विमानें आदळून 71 जण मरण पावले. त्यांत पुष्कळशीं रशियन शाळकरी मुलें होतीं. यंत्राला हात लावावयाचा त्या दिवशीं माणसें वाढवावयाचीं असतात, कमी करावयाचीं नसतात, हा त्याचा धडा.

म्हणून नवें यंत्र प्रथम जुन्याच्या शेजारीं मुकाट्यानें चालवावें लागतें. खरीं विमानें दोन्ही पडद्यांवर दिसतात, हुकूम मात्र जुन्यावरूनच सुटतात. त्या काळांत नियंत्रकांना बनावट विमानांवर सराव द्यावयाचा, बिघाड मुद्दाम घडवून पाहावयाचे, आणि नवें रुसलें तर जुन्याकडे परत कसें फिरावयाचें हें आधींच ठरवावयाचें. मग कमी वर्दळीची वेळ साधून काम सोंपवावयाचें.

मुंबईच्या विमानतळावरील दोन्ही मुख्य धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळें तेथें घटकाभर काम अडलें तरी उशीर दूरदूरच्या गांवांपर्यंत पोंचतो. तेथील 83.8 मीटर उंच मनोऱ्याचें उद्घाटन 18 ऑक्टोबर 2013 रोजीं झालें. नियंत्रणाचें काम त्याकडे आलें तें 1 जानेवारी 2014 पासून. फीत कापण्याचा दिवस आणि जबाबदारी सोंपविण्याचा दिवस हे निराळेच असावयाचे.

नवें यंत्र अजून सुरू कां झालें नाहीं, असा प्रश्न नागरिकांनीं जरूर विचारावा. पण त्याबरोबर हेंहि विचारावें कीं, हा वेळ फायलींत गेला कीं चाचणींत? फायलींत गेलेला वेळ माणसांच्या जिवावर बेतूं शकतो. चाचणींत गेलेला वेळ तेच जीव राखतो.