पावतीवरची बारीक ओळ

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं आमचे वडील सांगत, आणि आम्ही ते इमानेइतबारे पाळलं. गंमत अशी, की माझं निम्मं आयुष्य त्या पायरीसमोरून जाण्यातच गेलं. क्रांती चौकातून बाबा पेट्रोल पंपाकडं निघालं की रस्त्याचं नावच अदालत रोड. नोकरीची ३२ वर्षं मी त्या रस्त्यानं आधी सायकलवर आणि मग स्कूटरवर गेलो, पण जिल्हा न्यायालयाच्या फाटकाकडं मान म्हणून वळवली नाही. मोर्चे बघायला चौकात थांबलो, काळ्या चबुतऱ्यापाशी मुलींना १८५७ ची गोष्ट सांगितली. पण कोर्ट म्हणजे भांडकुदळ लोकांची जागा, अशी आमची पक्की समजूत.

ती मोडली एका पावतीनं. थोरलीचं लग्न २६ एप्रिल २०२० ला, अक्षय्य तृतीयेला ठरलं होतं. मंगल कार्यालयाला विसार म्हणून ५१ हजार रुपये मोजले होते, तेही भविष्य निर्वाह निधीतून काढून. पुढचं तुम्ही जाणताच. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि कार्यालयांना कुलपं पडली. लग्न अखेर जूनमध्ये आमच्याच गच्चीवर ५० माणसांत झालं. छान झालं, खरं सांगायचं तर. पण ५१ हजारांचं काय? मालकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘काका, पावती उलटी करून बघा.’’ मागं मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलं होतं : आगाऊ रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

‘‘जाऊ द्या, नशिबात नव्हते म्हणायचं,’’ ही म्हणाली. पण पुढं धाकटी होती, आणि निधीत आता फारसं काही उरलं नव्हतं. त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही.

माझे एक शाळासोबती वकिली करतात. चौकातली चहाची टपरी पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिथं त्यांना पावती दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, ओळ वाचली आणि म्हणाले, ‘‘छापलं म्हणून कायदा होत नाही रे. १८७२ चा करार कायदा काढ. कलम ५६ म्हणतं, करार झाल्यावर ती गोष्ट करणंच अशक्य झालं तर करार रद्दबातल होतो. आणि कलम ६५ म्हणतं, अशा करारात ज्यानं लाभ घेतला असेल त्यानं तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. कार्यालय सरकारी हुकमानं बंद होतं. त्यांनी दिलं नाही, तू घेतलं नाहीस. मग पैसे कशाचे?’’

‘‘आणि आम्हीच लग्न मोडलं असतं तर?’’

‘‘तर गोष्ट वेगळी. मग कलम ७४ येतं. तिथंही अमुक रक्कम जप्त असं लिहिलं म्हणून ती आपोआप गिळता येत नाही. नुकसान झालेलं असावं लागतं आणि भरपाई वाजवी असावी लागते.’’ मग त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा एक निकाल सांगितला. दिल्लीत एका भूखंडाच्या लिलावात दिल्ली विकास प्राधिकरणानं बोली लावणाऱ्याचे ७८ लाख जप्त केले होते. नंतर तोच भूखंड ३ कोटी १२ लाखांऐवजी ११ कोटी ७८ लाखांना विकला गेला. तुमचं नुकसान झालंच कुठं, असं म्हणून न्यायालयानं पैसे परत करायला लावले. मला कार्यालय आठवलं. त्याच तारखेला दुसरं लग्न लागलं, तर मालकाचं काय गेलं?

मित्रानं मला तीन वाटा दाखवल्या. पहिली दिवाणी दाव्याची. साधारण ३ वर्षांची मुदत, कोर्ट फी, वकील, तारखा. ५१ हजारांसाठी ती लांबची. दुसरी ग्राहक आयोगाची. पुण्याच्या बिंदुमाधव जोशींनी ग्राहक चळवळीसाठी खपायला सुरुवात केली, तेव्हा लोक हसले असतील. पण १९८६ मध्ये कायदा आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा नेमका आमच्या भांडणाच्या महिन्यात, २० जुलै २०२० ला लागू झाला. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुख्य म्हणजे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कार्यालय नाशिकचं असतं तरी मला नाशिकला खेटे घालावे लागले नसते. मुदत मात्र २ वर्षांची. निकाल लवकर लागावा असं कायदा म्हणतो, पण तारखा तिथंही लांबतात, हे मित्रानं लपवलं नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी सल्लाही घेता येतो.

तिसरी वाट लोकअदालतीची. दावा न लावताही प्रकरण तिथं नेता येतं. त्याला ‘दाखलपूर्व’ म्हणतात. फी नाही. पण दोघांची संमती हवी.

आधी नोटीस पाठवायची ठरली. मी म्हटलं, कडक भाषेत लिहू. मित्र म्हणाले, ‘‘कडक नको, तारीखवार लिही.’’ एका पानावर तारखा, रक्कम, पावती क्रमांक आणि १५ दिवसांची मुदत. रजिस्टर टपालानं, पोचपावतीसह पाठवली. (२०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात मिसळून गेलं, पोच मात्र आजही जपून ठेवावी.) उत्तर आलं नाही. मग विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज दिला. ते जिल्हा न्यायालयातच आहे. म्हणजे ती पायरी मी अखेर चढलो. इतर जिन्यांसारखीच होती.

लोकअदालती पुन्हा भरू लागल्या तेव्हा आमची पाळी आली. मालक मास्क लावून आले. काखेत फाईल. मनात मी त्यांना ठग ठरवून टाकलं होतं. त्यांनी फाईल उघडली : बँकेच्या हप्त्याची पत्रं, रखवालदाराचा पगार आणि माझ्यासारख्याच पावत्यांचा गठ्ठा. ‘‘सगळ्यांना एकदम दिले तर कार्यालय विकावं लागेल,’’ ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. समोर न्यायाधीश आणि वकील बसले होते. त्यांनी कुणालाच चोर म्हटलं नाही. तासाभरात ठरलं, ४५ हजार, तीन हप्त्यांत. सहा हजार मी सोडले. कायद्यानं कदाचित तेही मिळाले असते, मित्र अजून म्हणतात. मला त्या गठ्ठ्याकडं बघून ओढाताण नको वाटली. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही. हप्ता चुकला असता तर त्याच कागदावर वसुली करता आली असती. चुकला नाही.

२०२३ मध्ये धाकटीचं ठरलं. हिच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी मी त्याच कार्यालयात गेलो. पावतीपुस्तक नवं, मागची ओळ तीच. मी खिशातून पेन काढलं. मालक हसले, ‘‘लिहा काका, काय लिहायचं ते.’’ ती ओळ खोडून आम्ही हातानं लिहिलं, की सरकारी बंदी आली किंवा त्या तारखेला कार्यालय दुसऱ्यास दिलं गेलं, तर रक्कम परत. खाली दोघांच्या सह्या केल्या. मग जनरेटरच्या डिझेलचे पैसे कुणी द्यायचे, यावर आमची अर्धा तास घासाघीस चालली.